कुकी, कुलूप आणि नोंदवही

शाळांतील संगणककक्षांच्या व्यवस्थेविषयी मनमाडच्या काही शिक्षकांशी बोलण्याचा योग आम्हांला आला होता. चर्चेच्या ओघात एका बाईंनी विचारलेला प्रश्न असा : "मुलांसाठी म्हणून मी प्रत्येक संगणकावर शोधयंत्राचा 'सुरक्षित शोध' चालू करून ठेवला. पुढे संरक्षक आज्ञावलीत 'सर्व कुकीज अडवा' असा पर्याय दिसला, तोही निवडला. दुसऱ्या दिवशी पाहते तर सुरक्षित शोध नाहीसा! दोन्ही कुलपे मीच लावली होती. मग एकाने दुसरे काढले कसे?"

प्रश्न वरवर लहान दिसतो. पण त्याचे उत्तर शोधायचे तर ही दोन कुलपे मुळात कोणी, कशासाठी घडवली हे पाहावे लागते, आणि त्यासाठी तीस वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

जागतिक माहितीजालाची मूळ रचना विसराळू आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ती उभारली ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे लेख व टिपणे सहज पाहता यावीत म्हणून. आपल्या संगणकाने एक पान मागायचे, दूरच्या सर्व्हरने ते पाठवायचे, की व्यवहार संपला. त्याच क्षणी आपण दुसरे पान मागितले, तरी सर्व्हरच्या लेखी आपण नवे गिऱ्हाईक. लेख वाचण्यापुरता यात काहीच दोष नव्हता. पण दुकान थाटायचे म्हटले की अडचण येते. पहिल्या पानावर पुस्तक निवडले, दुसऱ्या पानावर पेन निवडले आणि पैसे द्यायला तिसऱ्या पानावर गेलो, तर दुकानदाराला आधीचे काहीच आठवत नाही!

मनमाडकरांना ही अडचण आणि तिचा तोडगा दोन्ही चटकन समजतील. मनमाड स्टेशनात एकेकाळी दोन मापांचे रूळ येत असत. मुंबईकडची ब्रॉडगेज आणि निजामाच्या राज्यातून औरंगाबादमार्गे येणारी मीटरगेज. मराठवाड्यात जाणाऱ्याला इथे उतरून गाडी बदलावीच लागे. औरंगाबादपर्यंतचा मार्ग १९९०च्या दशकात रुंद झाला तेव्हा कुठे ती यातायात संपली. आता समजा, मधले चार तास गावात काढायचे म्हणून एखाद्याने आपली ट्रंक क्लोकरूममध्ये ठेवली. खिडकीमागच्या बाबूला त्याचा चेहरा लक्षात ठेवण्याचे कारण नाही. तो ट्रंकेला एक क्रमांक देतो, नोंदवहीत लिहितो आणि तोच क्रमांक असलेली पावती प्रवाशाच्या हाती ठेवतो. परत आल्यावर पावती दाखवली की ट्रंक मिळते, मग खिडकीवर दुसराच बाबू का बसलेला असेना. पावती प्रवाशाच्या खिशात राहते; सामान आणि नोंदवही स्टेशनात राहते.

कुकी म्हणजे ही पावती. पानाबरोबर सर्व्हर एक छोटी मजकुराची ओळ पाठवतो, आपला ब्राउझर ती जपून ठेवतो, आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना ती आपण होऊन दाखवतो. ती आज्ञावली नव्हे, त्यामुळे ती स्वतः चालू शकत नाही आणि विषाणूप्रमाणे पसरतही नाही. (संगणक तपासून 'इतके धोके सापडले' असा मोठा आकडा दाखवण्याची काही संरक्षक आज्ञावल्यांना हौस असते. त्या आकड्यात पुष्कळदा कुकीजच मोजलेल्या असतात. घाबरलेले गिऱ्हाईक नूतनीकरणाचे पैसे लवकर भरते, हे त्यामागचे अर्थशास्त्र असावे अशी आम्हांला शंका आहे.)

जून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तेवीस वर्षांच्या तरुणाने ही युक्ती ब्राउझरसाठी योजली. एमसीआय ही दूरसंचार कंपनी जालावर दुकान काढू पाहत होती आणि गिऱ्हाइकाची अर्धवट खरेदी आपल्या सर्व्हरवर साठवत बसण्याची तिची तयारी नव्हती. युनिक्सच्या जगात एका आज्ञावलीने दुसरीला दिलेल्या, न वाचता जशाच्या तशा परत करायच्या खुणेला 'मॅजिक कुकी' म्हणत असत. माँटुलींनी तेच नाव उचलले. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकावा, असा सोपा मार्गही तेव्हा पुढे होता. माँटुलींना तो पसंत नव्हता. एकच क्रमांक सगळीकडे दाखवायचा, तर कोणालाही माणसाचा माग काढता येईल, हे त्यांना दिसत होते. म्हणून नियम असा ठेवला की ज्याने पावती दिली त्यालाच ती दाखवायची. मनमाडची पावती मनमाडलाच. भुसावळच्या बाबूने ती पाहायची नाही.

नियम चांगला होता, पण त्याला एक फट होती. जालावरचे एक पान एकाच सर्व्हरकडून येते असे नाही. मजकूर वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून, तर कडेची जाहिरात जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून आलेली असते. जाहिरात आणायला ब्राउझर त्या कंपनीकडे जातो, तेव्हा तीही आपली पावती देते. समजा, मनमाड, नाशिक रोड, भुसावळ, दौंड अशा सगळ्या स्टेशनांवरच्या फलकांचा ठेकेदार एकच आहे आणि प्रत्येक फलकाखाली त्याचा माणूस उभा आहे. आपण मनमाडला फलकापुढून जाताना तो आपल्या खिशात चिठ्ठी सरकवतो. नाशिक रोडला ठेकेदाराचाच दुसरा माणूस ती चिठ्ठी पाहतो. नियम कुठेही मोडला नाही, कारण ज्याने दिली त्यानेच पाहिली. पण आठवड्याभरात आपण कोठे कोठे गेलो याची यादी ठेकेदाराच्या वहीत तयार झाली. यालाच 'त्रयस्थ कुकी' म्हणतात आणि जालावरील जाहिरातींचा मोठा धंदा तिच्यावर उभा राहिला.

लोकांना हे कळायला जवळजवळ दोन वर्षे लागली. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या फायनान्शियल टाइम्समध्ये लेख आला आणि गवगवा झाला. तोवर कुकीज नेटस्केपमध्ये व मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये मुकाट्याने काम करीत होत्या. वापरणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. माँटुली आणि डेव्हिड क्रिस्टॉल यांनी लिहिलेला कुकीविषयीचा पहिला तांत्रिक मानक-दस्तऐवज फेब्रुवारी १९९७ मध्ये निघाला. त्रयस्थ कुकीज मुळातच घेऊ नयेत, निदान वापरणाऱ्याने सांगितल्याशिवाय घेऊ नयेत, असे त्यात स्पष्ट होते. दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी तेवढाच भाग बाजूला ठेवला. त्या एका कलमाची अंमलबजावणी व्हायला पुढे दोन दशके लागली. मोझिलाच्या फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या त्रयस्थ कुकीज आपण होऊन अडवायला सुरुवात केली, ॲपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये सगळ्याच त्रयस्थ कुकीज बंद केल्या. गुगलने क्रोममधून त्या काढून टाकण्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, मुदत वारंवार वाढवली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. गुगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, एवढे सांगितले की पुरे.

आता दुसरे कुलूप, पालक-नियंत्रणाचे. याचा जन्म वेगळ्याच भीतीतून झाला. १९९६ मध्ये अमेरिकेने अल्पवयीनांच्या नजरेस पडेल असा अश्लील मजकूर जालावर ठेवणे गुन्हा ठरवणारा कायदा केला. जून १९९७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यातील मुख्य कलमे रद्द केली. मुलांना वाचवताना प्रौढांचे वाचनस्वातंत्र्य जाते, आणि पालकांना घरच्या संगणकावर बसवता येईल अशी गाळणी उपलब्ध असताना एवढा कठोर उपाय नको, असा न्यायालयाचा विचार होता. साहजिकच गाळण्यांचा बाजार वाढला.

या पहिल्या गाळण्या शब्दांच्या यादीवर चालत आणि त्यांची बुद्धी बेताचीच होती. इंग्लंडमधील स्कनथॉर्प गावच्या लोकांना १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइनचे खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावातील चार अक्षरे सलग वाचली की इंग्रजीत एक अश्लील शब्द होतो. आपल्याकडच्या दीक्षितांनाही हा अनुभव यायला हरकत नाही. 'दीक्षित' हे आडनाव रोमन लिपीत प्रचलित पद्धतीने लिहून शेवटची चार अक्षरे वेगळी वाचून पाहावीत! उलट, इंग्रजी शब्दांची यादी बाळगणाऱ्या गाळणीपुढून देवनागरीतली अस्सल शिवी सुखरूप पार होते, कारण ती तिला वाचताच येत नाही. वर्गात हा प्रयोग तोंडी करण्याजोगा आहे. अक्षरे जुळणे आणि अर्थ कळणे यांतला फरक याहून सोप्या रीतीने सांगता येत नाही. पुढे संकेतस्थळांची माणसांनी व यंत्रांनी केलेली वर्गवारी वापरात आली आणि चुका कमी झाल्या, पण संपल्या नाहीत.

आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. काही वर्षांतच गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. अर्ध्या तासाचे पैसे द्यायचे आणि लाकडी आडोशामागे बसायचे. २००१ मध्ये दोन नागरिकांनी याविषयी मुंबई उच्च न्यायालयाकडे तक्रार केली. न्यायालयाने ती याचिका म्हणून दाखल करून घेतली आणि अल्पवयीनांना जालावरील अनुचित मजकुरापासून कसे वाचवावे, हे सुचवण्यासाठी एक समिती नेमली. समितीचा अहवाल जानेवारी २००२ मध्ये सादर झाला. महाराष्ट्रात या प्रश्नाचा न्यायालयाच्या पातळीवर झालेला हा पहिला सविस्तर विचार म्हणावा लागेल, आणि तो आज वाचतानाही उद्बोधक वाटतो. समितीने मुलांसाठी सुचवलेला उपाय सुताराच्या हातचा अधिक होता. अल्पवयीनांनी आडोशात बसू नये, मोकळ्या जागेतले संगणक वापरावेत. त्याच संगणकांवर गाळणी असावी. पण याच अहवालात आणखी एक शिफारस होती : कॅफेत येणाऱ्याने छायाचित्राचे ओळखपत्र दाखवावे. यावर तेव्हाही टीका झाली आणि ती रास्त होती असे आम्हांला वाटते. पंधरा वर्षांच्या मुलाने काय पाहावे हा प्रश्न सोडवताना पन्नास वर्षांच्या माणसाचे नाव नोंदवहीत आले.

हाच कल पुढे देशभर लागू झाला. सायबर कॅफेसंबंधीचे केंद्र सरकारचे नियम एप्रिल २०११ मध्ये आले. आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नसावा, आडोशाविना असलेल्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत, अल्पवयीनाने पालकाविना आडोशात बसू नये. हे सर्व त्यांत आहे. कोणी कोणती संकेतस्थळे पाहिली याची नोंद किमान वर्षभर ठेवणे कॅफेचालकावर बंधनकारक केले गेले. गाळणी आज्ञावलीबद्दल मात्र ती बसवता येईल, एवढेच म्हटले आहे. थोडक्यात, नोंदवही सक्तीची आणि गाळणी ऐच्छिक.

ही दोन कुलपे एका खोक्यात आली ती २०००च्या सुमारास. सिमँटेक कंपनीने त्या वर्षी बाजारात आणलेल्या 'नॉर्टन इंटरनेट सिक्युरिटी'मध्ये विषाणूंच्या बंदोबस्ताबरोबर कुकीज अडवण्याची आणि पालक-नियंत्रणाची सोय एकत्र होती. इतरांनीही तोच साचा उचलला. आपल्या पुण्यातले उदाहरण सर्वांना माहीत आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकर यांच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणू सापडत. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढण्याच्या आज्ञावल्या लिहिल्या आणि त्यांतून १९९५ मध्ये 'क्विक हील' निघाले. विषाणू शोधण्यापासून सुरू झालेल्या या उत्पादनातही पुढे मुलांच्या वापराची वेळ ठरवणे, संकेतस्थळांचे वर्ग अडवणे अशा सोयी आल्या. विक्रेत्याच्या दृष्टीने हे सर्व एकच, 'सुरक्षा'. म्हणून पर्यायांच्या एकाच पानावर ही कुलपे शेजारी शेजारी दिसतात.

प्रत्यक्षात त्यांची कामे उलट आहेत. कुकी अडवणे म्हणजे दुसऱ्याला आपली आठवण राहू न देणे. पालक-नियंत्रण म्हणजे संगणकाला मुलाची आठवण ठेवायला लावणे : हा कोण, याचे वय किती, याने आज किती वेळ काय पाहिले. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. खाते न उघडता शोधयंत्र वापरताना आपण 'सुरक्षित शोध' निवडतो, तेव्हा शोधयंत्राने ही निवड लक्षात कशी ठेवावी? पावती देऊन. निवड कुकीत लिहिली जाते. सर्व कुकीज अडवल्या की पावती खिशात राहत नाही आणि पुढच्या भेटीत शोधयंत्रापुढे आपण पुन्हा अनोळखी. यूट्यूबच्या 'मर्यादित' प्रकाराचेही, खात्यात न शिरता वापरल्यास, हेच होते. पहिल्या कुलपाने दुसरे तोडले नाही. दुसऱ्याची किल्ली ज्या खिशात होती तो खिसाच रिकामा केला.

यावर उपाय आहे. सुरक्षित शोध प्रत्येक ब्राउझरमध्ये न लावता तो शाळेच्या जाळ्याच्या दारातच लावायचा. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी जी डीएनएस व्यवस्था असते, तिच्यात गुगलच्या नावापुढे गुगलनेच यासाठी ठेवलेला वेगळा पत्ता नोंदवता येतो. मग शाळेतल्या कोणत्याही संगणकावरून शोध घेतला तरी तो सुरक्षितच होतो आणि कुकीशी त्याचा संबंध उरत नाही. त्रयस्थ कुकीज खुशाल कायमच्या अडवाव्यात. स्वतःच्या संकेतस्थळाच्या कुकीज अडवू नयेत, नाहीतर मुलांना कोणत्याही खात्यात प्रवेशच मिळणार नाही. पण तास संपला की त्या पुसल्या जाव्यात. हे सांगण्याचे कारण असे की संगणककक्षात एका संगणकावर दिवसभरात आठ-दहा मुले बसतात. पहिल्या तासाच्या मुलीने खाते बंद करायचे राहिले, तर तिची पावती त्या संगणकाच्या खिशातच असते आणि दुसऱ्या तासाच्या मुलाला तिची पत्रे वाचता येतात. शाळेच्या दृष्टीने जाहिरातदाराच्या वहीइतकाच हा धोका खरा आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

संरक्षक आज्ञावली विकत घेताना मात्र आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आता बहुतेक संकेतस्थळांशी होणारा संवाद सांकेतिक रूपात, मोहोरबंद पाकिटासारखा जातो. पाकिटात काय आहे हे गाळणीला वाचायचे, तर तिला पाकीट मध्येच फोडून, वाचून, स्वतःची मोहोर लावून पुढे पाठवावे लागते. आणि ही मोहोर खरी मानावी असे आपल्या संगणकाला आधी पटवून द्यावे लागते. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोवो कंपनीच्या काही संगणकांत आधीच बसवून दिलेली 'सुपरफिश' नावाची जाहिरातीची आज्ञावली हेच करताना सापडली. तिने बनावट मोहोरेची किल्ली इतकी ढिलाईने ठेवली होती की ती कोणाही चोराला उचलता यावी. तपास पुढे गेला तेव्हा तोच घटक पालक-नियंत्रणाच्या काही आज्ञावल्यांतही आढळला. मुलांसाठी लावलेल्या कुलपाने बँकेच्या व्यवहाराचे दार उघडे टाकले होते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. अव्हास्ट या नामांकित संरक्षक आज्ञावलीच्या कंपनीने माग काढणाऱ्या कुकीज अडवण्याचे आश्वासन देऊन लोकांकडून आपली उत्पादने बसवून घेतली, आणि त्यांच्याच द्वारे जमलेला लोकांच्या जालभ्रमणाचा तपशील जंपशॉट नावाच्या आपल्या उपकंपनीमार्फत विकला. जानेवारी २०२० मध्ये हे उघड झाल्यावर जंपशॉट बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ठेकेदाराची चिठ्ठी खिशातून काढणारा पहारेकरी स्वतःच वही लिहीत होता.

आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मंजूर झाला. अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, मुलांचा माग काढू नये, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवू नये आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे त्यात आहे. मुलांविषयीचे हे बंधन मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याचे त्यांत ठरवण्यात आले. शिक्षकांनी यातील एक परिशिष्ट मुद्दाम वाचावे. शैक्षणिक संस्थांना मुलांच्या वापरावर लक्ष ठेवण्याची मुभा त्यात दिली आहे, पण ती संस्थेच्या शैक्षणिक कामापुरती किंवा तेथील मुलांच्या सुरक्षिततेपुरती.

म्हणजे नोंदवही आता शाळेकडे आली आहे. वर सांगितलेली डीएनएस व्यवस्था चालू केली की कोणत्या संगणकावरून कोणते नाव विचारले गेले याची यादी तिच्यात बहुधा आपोआप साठू लागते. ती किती दिवस ठेवायची, मुख्याध्यापकांनी पाहायची की संगणक शिक्षकांनी, आणि आठवीतल्या एखाद्या मुलीने आपल्या शरीराविषयी किंवा घरच्या भांडणाविषयी काही शोधले असेल तर ते कोणाच्या नजरेस पडावे, हे ठरवावे लागेल. सायबर कॅफेचा वर्षभराचा नियम शाळेला तसाच लावण्याचे कारण नाही, कारण संगणककक्ष हा कॅफे नव्हे. सत्राच्या पहिल्या तासाला मुलांना ही यादी प्रत्यक्ष उघडून दाखवता येते. तीस-पस्तीस मुलांनी दहा मिनिटे जाल वापरले की तिच्यात शेकडो ओळी जमतात, आणि त्यांतली पुष्कळ नावे अशा जाहिरात कंपन्यांची असतात ज्यांच्याकडे वर्गातले कोणीही जाणूनबुजून गेलेले नसते.